पार्किंगमधला समुद्र

८ जानेवारी, बुधवार
नौदलाच्या अर्धवेळ राखीव दलाचा भरती अधिकारी या नात्याने नव्या वर्षाचा संकल्प: फेब्रुवारीअखेरच्या तपासणीपर्यंत वीस स्वयंसेवक. सध्या अकरा. वीस न झाल्यास आमची तुकडी बंद होईल व बुधवार संध्याकाळची कवायतही संपेल. मला व्यक्तिशः काही फरक पडत नाही. पत्नी व्हर्ना गेल्यापासून घरात संपूर्ण शांतता असते व ती वाचन-लेखनास पोषक आहे. प्रश्न केवळ कॅनडाच्या सागरी संरक्षणाचा आहे.

१५ जानेवारी, बुधवार
कॉलेजात व्याख्यान. विषय: ‘सागरी शिस्त आणि चारित्र्य’. एका विद्यार्थ्याने विचारले, आपल्या सस्कॅचवान प्रांतात समुद्र कुठे आहे? समुद्र ही मनाची एक अवस्था आहे, असे मी स्पष्ट केले. त्यास ते पटले असावे, कारण तो तत्काळ उठून गेला. आमच्या ज्येष्ठ नौसैनिक बॉयचुकबाई परतताना म्हणाल्या, “साहेब, पहिली पाच मिनिटं पोरं ऐकत होती हो. तिथंच थांबायचं होतं.” बाई कर्तबगार आहेत, वक्तृत्वाची जाण नाही.

२२ जानेवारी, बुधवार
दोन नवे स्वयंसेवक! ड्वेन फेर, प्लंबर; आणि मारिविक दुमलाव, वृद्धाश्रमात परिचारिका, मूळची फिलिपिन्सची. फेरने विचारले, “सर, मला पोहता येत नाही. चालेल ना?” आमच्या तुकडीत तशी अट नसल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी तीन जुने सोडून गेले. एकंदर प्रगती समाधानकारक.

२९ जानेवारी, बुधवार
गळतीच्या कारणांवर बॉयचुकबाईंशी चर्चा. त्यांचे मत: “तुमचं भाषण सुरू झालं की लोक आधी घड्याळ बघतात, साहेब, अन् मग दार.” निष्कर्ष उघड आहे. दोष दाराचा आहे.

उपायही सुचला. आमची दुमजली विटांची इमारत नौदलाच्या प्रथेप्रमाणे जहाजच मानली जाते. फरशी हा डेक, बाहेर पडणे म्हणजे किनाऱ्यावर उतरणे. मात्र जहाज भर समुद्रात असेल, तर उतरणार कोठे? येत्या आठ तारखेस आम्ही नकाशावर अटलांटिकवरील हॅलिफॅक्स बंदराकडे प्रयाण करू. दोन दिवस कोणीही बाहेर पडू शकणार नाही. आपुलकी आपोआप निर्माण होईल.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
प्रयाण. बाहेर उणे छत्तीस. पायऱ्यांपलीकडे अटलांटिक महासागर असून पाऊल टाकणारा बुडाला असे समजण्यात येईल, अशी घोषणा केली. बॉयचुकबाईंनी विचारले, “अन् गाड्या?” प्रश्नाचा रोख कळला नाही.

दुपार
रोख कळला. या थंडीत मोटारीचे इंजिन विजेवर गरम न ठेवल्यास ती सुरूच होत नाही. पार्किंगमध्ये प्लग मोजकेच. आळीपाळीने वायर लावावी लागते. प्रथम फेर बाहेर गेला. मी नियमानुसार बचावाचे कडे फेकले. ते त्याच्या पाठीत बसले. “लागलं ना, सर! बुडतोय कुठं मी? वायर लावतोय!” तो मृत असल्याची नोंद केली. खिडकीपाशी येऊन त्याने विचारले, मेलेल्यांना जेवण आहे का? नियमपुस्तिकेत उत्तर सापडले नाही.

संध्याकाळ
मारिविक व मी वगळता सर्वजण बुडाले. ती बसने येते. मृत मंडळी समोरच्या उपाहारगृहात हसत बसलेली दिसतात. बॉयचुकबाईंनी रस्त्यावरून हाक मारली, “या की किलब्राइडसाहेब, सूप गरम आहे!” कप्तान जहाज सोडत नसतो, असे खिडकीतून कळवले. पुढे मारिविकच्या बसची वेळ झाली. तिने कडक सलाम ठोकला. “सर, मी बुडते आता,” म्हणाली व गेली.

९ फेब्रुवारी, रविवार
हॅलिफॅक्सला पोहोचलो. एकटाच. प्रवास सुखाचा झाला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
तपासणी. बावीस हजर! बॉयचुकबाईंनी घरोघरी फोन केले म्हणे. फेरने तर दोन चुलतभाऊ भरती केले. दोघेही प्लंबर. जहाजाच्या दृष्टीने ते योग्यच. तपासनीसांनी प्रत्येकास स्वतंत्र खोलीत विचारले, टिकून राहण्यासाठी काय हवे? मला आत प्रवेश नव्हता. स्तुती समोर होऊ नये, हा संकेत मला मान्य आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
तुकडी वाचली. भरतीचे काम यापुढे बॉयचुकबाई पाहतील. मला जूनमधील निवृत्तीपर्यंत सन्मानपूर्वक विश्रांती. बुधवारी येण्याची आवश्यकता नाही. मी हे काम इतके पूर्णत्वास नेले, की त्यात मला करण्यासारखे काही उरले नाही.

५ मार्च, बुधवार
टोस्ट खाल्ला. बूट पॉलिश केले. काढून ठेवले.

६ मार्च, गुरुवार
किराणा दुकानात मारिविक भेटली. माझ्या हातातला एकट्यापुरता सूपचा डबा पाहून म्हणाली, “सर, ठेवा तो परत. आज चर्चच्या हॉलमध्ये पत्ते आहेत, नूडल्सही भरपूर केल्यात. या.” उद्दिष्ट नाही, माहितीपत्रक नाही, शपथ नाही. भरतीची ही पद्धत अत्यंत सदोष आहे.

केवळ या पद्धतीच्या अभ्यासाकरिता सहा वाजता हॉलवर गेलो. मी कोण, कशासाठी आलो, कोणी विचारले नाही. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवले. दोघीही उघड लबाडी करतात. एकीने माझे पत्ते पाहून सरळ सांगितले, “अरे, हे टाक, हे. नवरा माझाही असाच धरून बसायचा.” नूडल्स दोनदा घेतल्या.

निघताना मारिविक म्हणाली, “पुढच्या गुरुवारी—” तिचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मी होकार दिला. पद्धत अद्याप लक्षात आलेली नाही. निरीक्षण चालू ठेवणे भाग आहे.