पूर्वेच्या भिंतीतले दार

परम कृपाळू अल्लाहच्या नावाने.

मी, मुतलक हमादी अल-जुबूरी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव शरकात, गेली चाळीस वर्षे राहणार उम्म-जरारच्या टेकाडाखालची पहारेकऱ्याची वस्ती, धंदा खोदकामावरचा उस्ता, म्हणजे मातीच्या ढिगातून मातीचीच भिंत वेगळी काढणारा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे गेले, डावा डोळा गेला, हात थरथरतो, पण आठवण शाबूत आहे. नसती तर बरे झाले असते. माझ्यावर कोणा जिवंत माणसाचा दाब नाही. मेलेल्याचा आहे, त्याचे कलम सातमध्ये येईल. हात चालत नाही म्हणून मी बोलतो आहे आणि शाळेचे मास्तर नुअमान लिहून घेत आहेत. भाषा तुमची सजवा, पण माझा एकही शब्द गाळायचा नाही, असे मी त्यांना बजावले आहे.

कलम एक. मला टेकाडाच्या उतारावर पुरू नये. तिथे पाच हात खाली गेलात की कुठल्या ना कुठल्या राजाची फरशी लागते, आणि उद्या माझ्याच धंद्यातला कोणी येऊन माझी हाडे ब्रशने झाडत बसेल. गावच्या कबरस्तानात, बायको तुर्फाच्या शेजारी जागा राखलेली आहे. कबरीवर सिमेंट नको. सिमेंट खालून मीठ ओढून घेते आणि मातीला खाते, हे मी तीन सरकारांच्या इंजिनियरांना सांगून थकलो.

कलम दोन. घर, मेंढ्या आणि विहिरीवरचे इंजिन शरियतप्रमाणे माझे मुलगे गानिम व दहाम आणि मुलगी वदहा यांच्यात वाटावे. वारसांच्या नावे वेगळे मृत्युपत्र करता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी इथे काही मागत नाही आणि देतही नाही. फक्त गानिमने माझा जुना रेडिओ घेऊन तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने आजवर ज्याला ज्याला हात लावला ते कायमचे मुके झाले.

कलम तीन. मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यावर मला माझ्या मर्जीने अधिकार आहे. तो हिस्सा मी माझा धाकटा भाऊ सबहान, जो हयात नाही, त्याची मुलगी मनाहिल हिला देतो. त्यात माझी हत्यारे, सहा ब्रश, ओळंबा, सुती दोरीचे रीळ, आणि आमचे खोदकाम चालवणाऱ्या परदेशी प्रोफेसरांनी दिलेले, त्याच खोदकामावरचे जाड पुस्तक येते. ते पुस्तक मला वाचता येत नाही. पण चौदावा नकाशा कुठे आहे हे मी डोळे मिटून उघडून दाखवीन. मुलांनी यावर कटकट करू नये. का, ते पुढे कळेल.

कलम चार. शेजारी हातेम याने बांध फुटल्यासारखा लुटारूंचा लोंढा टेकाडावर आला त्या वर्षी माझी शिडी मला न विचारता त्यांना दिली. माझ्याच शिडीने ते मीच खोदलेल्या जुन्या मंदिरात उतरले. एकोणचाळीस खड्डे. मी एक बंदूक आणि एक कुत्रा घेऊन काय करणार होतो? हातेमने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. (मास्तर म्हणतात, मरताना एवढा राग बरा नव्हे. ठीक आहे. शेवटच्या चार पावलांपुरता द्यावा. शिडी मात्र परत करावी.)

कलम पाच. पैशाचे देणे मला कोणाचे नाही.

कलम सहा. आता मंदिराबद्दल, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. उम्म-जरारचे मंदिर हे एक मंदिर नाही. कच्च्या विटेचे आयुष्य ते किती? दोन पिढ्यांत भिंत वाकते. मग पुढचा राजा यायचा, जुनी भिंत कमरेइतकी उतरवायचा, तिच्यावरच आपली चढवायचा, आणि भिंतीच्या पायात आपल्या नावाची मातीची पाटी पुरून ठेवायचा. पाटीवर लिहिलेले असायचे की माझ्यानंतर हे ज्याला सापडेल त्याने तिला तेल लावावे आणि होती तिथे परत ठेवावी. असे नऊ राजे आम्ही मोजले. नऊ गाभारे एकावर एक. माझे वडील हमादी यांनी वरचे चार उघडले, मी खालचे पाच, त्यातले वरून सातव्यापर्यंतचे सबहानबरोबर. कोणत्या राजाने कुठे दार ठेवले, कोणी ते बुजवले, हे सांगणारा कागद नसतो. माणसाचा हातच सांगतो. भरावाची माती भिंतीपासून पापुद्र्यासारखी सुटते, आणि कुदळीच्या टोकाला विटेचा आवाज वेगळा लागतो. आमच्या शरकातच्या लोकांचा हा पिढीजात धंदा. आमच्यात वादाला कागद लागत नाही. थोरला उस्ता भिंतीवर हात ठेवून जे बोलेल ते खरे, आणि साहेब लोक तेच पुस्तकात छापतात.

आमच्यात आणखी एक नेम आहे. पाऊस झाला की त्या दिवशी कुदळ लावायची नाही. ओल्या मातीत वीट आणि भराव एक होतात. दुसऱ्या दिवशी उन्हात सुकताना घटकाभर विटांच्या कडा आपोआप उमटतात, तेव्हा बघायचे.

कलम सात. वडिलांची छोटी कुदळ होती. तुतीचा दांडा, लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेले पाते. मी थोरला, ती माझ्याकडे यायला हवी होती. वडिलांनी खोदणाऱ्यांच्या सगळ्या टोळीसमोर ती सबहानला दिली आणि म्हणाले, "मुतलकचा हात बोलतो फार. सबहानचा हात ऐकतो." टोळी हसली. मीही हसलो. ते हसणे माझ्या पोटात सहा वर्षे सडत राहिले.

सन १९७३, फेब्रुवारी, गुरुवार. सातव्या गाभाऱ्याची पूर्वेची भिंत. सबहान आतल्या बाजूने, मी बाहेरच्या. तो दुपारी वर येऊन म्हणाला, इथे दार आहे, दोन्ही कोपरे माझ्या हाताला लागलेत, उद्याची सुट्टी गेली की परवा उघडू. मग पाऊस आला आणि सगळे तंबूत गेले. मी गेलो नाही. माझ्या मनात आले की आज दार मी काढले तर प्रोफेसर मला शाबासकी देतील. सबहान आपली कुदळ खड्ड्यातच विसरला होता. तीच घेतली, आणि नेम मोडून ओल्या मातीत लावली.

तासाभरात हात थांबला. मी भराव म्हणून जे उपसले होते ते भराव नव्हते. दाराचा डावा खांब होता, साडेतीन हजार वर्षांचा, गिलाव्यासकट. मी तो खुरपून पाटीत भरला होता. खाली उंबरा आणि दाराचा खुंट फिरतो तो खळीचा दगड उघडा पडला होता, त्यावर राजाचे नाव होते. मी तिथे बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. पण रडून उठल्यावर जे केले ते पोराचे काम नव्हते.

शुक्रवारी सगळे नमाजाला आणि मग बाजाराला गेले. मी पोट बिघडल्याचे सांगून मागे राहिलो. ढासळलेल्या भागातल्या जुन्या विटा आणल्या, त्याच खड्ड्यातली माती कालवली आणि दार पूर्ण बुजवून टाकले. सांधे जुन्या सांध्यांना जुळवले, वर गिलावा केला, धूळ फुंकली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर काम तेच आहे, हे लिहा मास्तर. त्या राजाच्या गवंड्यालाही कळले नसते. आणि आत, खालून तिसऱ्या थरात, सबहानची कुदळ ठेवली. का ठेवली ते विचारू नका. ती पुन्हा त्याच्या हातात दिसू नये एवढेच तेव्हा कळत होते.

शनिवारी सबहान उतरला आणि भिंतीपुढे उभाच राहिला. त्याने प्रोफेसरांना बोलावले. प्रोफेसरांनी दोघांना विचारले. मी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणालो, "इथे दार कधीच नव्हते."

सबहान म्हणाला, "मला अर्धा दिवस द्या, मी उघडून दाखवतो."

मी म्हणालो, शाबूत भिंत फोडून दार शोधायचे हे खाटकाचे काम आहे, उस्ताचे नाही. प्रोफेसरांनी माझे ऐकले. थोरल्याचाच हात खरा. चौदाव्या नकाशात पूर्वेची भिंत सलग काळी छापली गेली. मनात येईल ते बोलतो आणि वर वडिलांची कुदळही हरवतो म्हणून सबहानला मातीने भरलेल्या पाट्या उचलायला लावले. आमच्यात कुदळीवरच्या माणसाला पाटी उचलायला लावणे म्हणजे भर मंडळीत त्याच्या डोक्यावरची पगडी उतरवणे. त्याने तीन दिवस पाट्या उचलल्या, चौथ्या दिवशी गाव गाठले आणि वीटभट्टीवर लागला. पुन्हा कधी खोदायला आला नाही.

चार वर्षांनी वडील वारले. शोकाच्या मांडवात कॉफी मी ओतत होतो. आमच्याकडे पाहुण्याने प्याला न पिता खाली ठेवला तर त्याचे मागणे आहे असे समजतात, आणि ते मान्य केल्याशिवाय यजमानाला सुटका नसते. शंभर माणसांत सबहानने प्याला खाली ठेवला.

मी विचारले, "काय हवंय, भावा?"

"इस्टेट नको, मेंढ्या नकोत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दार होतं, एवढंच म्हण. मग पितो."

सगळे बघत होते. मी म्हणालो, "कॉफी गार होतेय, पी."

तो उठून गेला. प्याला भरलेलाच राहिला. यजमानाने मागणे झिडकारले हे लोकांनी पाहिले, पण मागणे काय होते ते कोणाला कळले नाही, आणि मी कळू दिले नाही. पुढे एकदा मी भट्टीवर गेलो होतो. फाटकातून तो दिसला, कच्च्या विटा उन्हात उभ्या करत होता, एकेक वीट तळहाताने पुसत. मी फाटकातूनच परत फिरलो. १९८४ मध्ये तो बसऱ्याच्या आघाडीवर गेला आणि पेटीतून आला. मनाहिल तेव्हा पाच वर्षांची होती.

भावा, दार होते. दोन्ही कोपरे तुझ्या हाताला बरोबर लागले होते.

कलम आठ. मनाहिल शिकली आणि याच कामात आली. आता सरकारी तुकडीबरोबर ती उम्म-जरारला आहे. सातव्या गाभाऱ्याच्या भिंती नव्या कच्च्या विटांनी झाकून कायमच्या जपायचे ठरले आहे, आणि नकाशा तोच, चौदावा. मागच्या महिन्यात ती घरी आली. मी कॉफी ओतली.

ती म्हणाली, "काका, आई सांगायची, बाबा झोपेत दार दार करायचे. खरं काय होतं?"

मी म्हणालो, "पुस्तकात काय आहे ते बघ ना."

तिने प्याला खाली ठेवला. अगदी तिच्या बापासारखा, दोन बोटांनी, आवाज न करता. एकाच घरात तोच प्याला दोनदा माझ्यापुढे आला. त्यानंतर मला अन्न गोड लागलेले नाही.

म्हणून खालून तिसऱ्या थरातली कुदळ मी मनाहिलला देतो. ती माझी नाही, तरी देतो, कारण कुठे आहे हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. राजांनी लिहिले की सापडेल त्याने तेल लावून जागेवर ठेवावे. माझी अट उलटी आहे. तेल लाव, पोरी, पण परत ठेवू नकोस. प्रोफेसर हयात नाहीत. त्यांच्या शिष्यांना पत्र धाडून चौदावा नकाशा सुधारायला लावावा, आणि जिथे माझे नाव थोरला उस्ता म्हणून छापले आहे तिथे हेही छापावे की दार सबहानने ओळखले होते आणि मुतलकने लपवले.

कलम नऊ. इथपर्यंत लिहून झाल्यावर मास्तरांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "उस्ता, गवंडी रविवारी येणार आहेत. मृत्युपत्र तुम्ही मेल्यावर उघडणार. तोवर भिंत कायमची झाकलेली असेल."

खरे सांगायचे तर हे मला सुरुवातीपासून ठाऊक होते. मेल्यावर खरे बोलायचे, म्हणजे कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको, असा माझा बेत होता. भ्याडपणाचेच आणखी एक सुबक बांधकाम.

तेव्हा लिहा. कलम सात, आठ व नऊ माझ्या मरणाची वाट न पाहता अमलात आणावीत. परवा शनिवारी हा कागद गाभाऱ्यात, तुकडीसमोर व माझ्या मुलांसमोर मोठ्याने वाचावा. भिंत मनाहिलने उघडावी. मला खुर्चीवर घालून तिथे न्यावे. कॉफी मी ओतीन. तिने प्यायची की नाही, तो तिचा प्रश्न.

स्थळ : उम्म-जरार. दिनांक : गुरुवार, १४ मार्च २०१९.

निशाणी अंगठा : मुतलक हमादी. (तीनदा घेतला. माती घासून घासून रेषा उरलेल्या नाहीत, नुसता डाग उमटतो. हा डाग त्यांचाच, आमच्यासमोर.)

साक्षीदार : १. नुअमान, शाळामास्तर, लेखकही. २. शनावा फर्हूद, टेकाडाचा पहारेकरी.

साक्षीदारांची जोडनोंद, शनिवार, १६ मार्च. कागद वाचला. गानिम मध्येच उठून गेला. दहाम थांबला. दुपारपर्यंत भिंत उघडली. कुदळ खालून तिसऱ्या थरात मिळाली. दांड्याचा भुगा झालेला, पाते गंजलेले पण अखंड. त्याखाली उंबरा आणि खळीचा दगड जागच्या जागी होते. उस्तांनी कॉफी ओतली. मनाहिलने प्याला घेतला, वाकली आणि तो उंबऱ्यावर ठेवला.

"हा बाबांचा," ती म्हणाली. "मला दुसरा द्या, काका."

दुसरा ओतताना उस्तांची किटली तिने खालून धरली.

सही : नुअमान. सही : शनावा फर्हूद.