कोंबडा पाळलेला नाही, आलेला आहे

४ जून, सोमवार
बदलीची ऑर्डर हातात पडली. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून थेट पाळीव प्राणी नियंत्रण कक्षात. कक्ष नवा, नियम नवे, आणि निरीक्षक मी! जुन्या सेक्शनमधले सगळे "अरेरे" म्हणाले. जळतात. कक्षप्रमुख मॅडमना विचारलं, माझीच निवड का? म्हणाल्या, बाकीच्या सगळ्यांनी मेडिकल सर्टिफिकेट आणून दिलं. म्हणजे अख्ख्या ऑफिसात धडधाकट असा मी एकटाच.

नियम पाठ केले. कुत्र्याला पट्टा आणि परवाना. मांजराला बिल्ला. वस्तीत कोंबडा, बदक, शेळी पाळायला सक्त मनाई. एकदम सोपं काम. जनावरापुढे फक्त नजर हवी. आजपासून रोज आरशासमोर रोखून बघण्याचा सराव. सुरुवात लगेच केली. ही आत आली, दाढ दुखतेय का म्हणाली आणि गोळी देऊन गेली.

६ जून
पहिली फेरी. सोबत गाडीचा ड्रायव्हर. तो गाडीतून उतरत नाही. लहानपणी त्याला बदक चावलं होतं. काच बोटभर खाली करून मार्गदर्शन करतो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कुत्रा फाटकाबाहेर, बिनपट्ट्याचा. मी रोखून बघितलं. त्यानेही बघितलं. मग शांतपणे जवळ आला आणि माझ्या बुटाशी एक पाय वर केला. ड्रायव्हर काचेमागे हसून हसून लोळला. अडाणी माणूस. कुत्रा असं फक्त आपल्या हद्दीतल्या वस्तूवर करतो. म्हणजे पहिल्याच भेटीत त्याने मला आपलं मानलं.

डॉक्टरीणबाईंना नोटीस दिली. ती कुत्र्याने खाल्ली. पोच मिळाली असं धरलं.

८ जून
किराणा दुकानातल्या मांजराला बिल्ला लावायला गेलो. बिल्ला सध्या माझ्या शर्टाला आहे. हाताला बँडेज. हिला सांगितलं, फाइलीचा कागद लागला. ही म्हणाली, हल्ली फाइलींना नखं फुटायला लागली वाटतं.

१० जून, रविवार
सासरे राहायला आले. त्यांच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय. स्वागत केलं, बॅग उचलली. त्यांच्या दुसऱ्या हातात झाकलेली टोपली होती, ती उचलायला गेलो तर टोपलीने चोच मारली.

कोंबडा! चांगला गुडघ्याएवढा, लाल तुऱ्याचा. नाव साहेब. ऑफिसात इतकी वर्षं काढली, मला कोणी साहेब म्हटलं नाही. हा घरात शिरल्या शिरल्या साहेब.

हिला बाजूला घेऊन नियम समजावून सांगितला. निरीक्षकाच्याच घरी कोंबडा! ही म्हणाली, "बरं. मग बाबांना परत पाठवू का? बिनछपराच्या घरात?"

प्रश्न कायद्याचा आहे, भावनेचा नाही. म्हणून शब्दकोश काढला. पाळणे म्हणजे सांभाळणे, पोसणे. आम्ही याला सांभाळत नाही, सहन करतो. दाणे सासरे स्वतःच्या पिशवीतून घालतात. सबब, कोंबडा पाळलेला नाही, आलेला आहे. नियमभंग शून्य. अशी बारीक कायदेशीर नजर प्रत्येकाला नसते.

११ जून, पहाट
साहेब आरवले. मी पलंगावरून पडलो.

तोच दिवस, संध्याकाळ
आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी नर्स ऑफिसात आली. तिला रात्रपाळी असते. आज सकाळी घरी येऊन पाठ टेकली, तर आसपास कुठेतरी कोंबडा ओरडत होता. डोळे सुजलेले होते बिचारीचे. म्हणाली, "काका, अशीच झोप मोडली तर एखादं इंजेक्शन चुकीच्या दंडात देईन. तुमच्याच हातात आहे आता."

मी शब्द दिला, तो कोंबडा कुठेही असो, शोधून काढीन. शब्द देताना आवाज जरा चिरकला. तिला वाटलं असेल, कळकळीने.

१३ जून
तपास जोरात. आपल्या घरात आहे तो पाहुणा, हे ठरलेलंच आहे. तेव्हा पाळलेला कोंबडा दुसरीकडे असणार. शेजारच्या गल्लीत एका घरातून संशयास्पद आवाज आला. छापा घातला. एक गृहस्थ गुळण्या करत होते. त्यांना समज देऊन सोडलं.

ड्रायव्हर म्हणाला, आवाज तर तुमच्या बिल्डिंगकडून येतोय. त्याला सांगितलं, ध्वनी फसवा असतो. तो म्हणाला, बदकही फसवंच होतं.

१५ जून
तात्पुरता बंदोबस्त म्हणून साहेबांना बाथरूममध्ये ठेवलं. खिडकीला चादर लावली. अंधारात कोंबड्याला सकाळ झालेली कळत नाही. हा माझा स्वतःचा सिद्धान्त. लेक अंघोळ न करता आनंदाने शाळेत गेली.

संध्याकाळी हिने रिपोर्ट दिला. सिद्धान्त शंभर टक्के बरोबर निघाला. सकाळ कळली नाही, म्हणून साहेब दिवसभर आरवले.

१७ जून, रविवार
आज मान धरून आरवणं वेळेवर दाबता येतं का, याचा प्रयोग केला. नाकावर बँडेज. प्रयोग स्थगित.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर बाथरूममध्ये सासरे स्टुलावर बसलेले, कोंबडा मांडीवर. त्याच्याशी बोलत होते. छपराचं काम कुठवर आलं, कौलं कशी घ्यावीत वगैरे. मी दिसलो तर ओशाळले. म्हणाले, "हिचा हो हा. टिचभर पिल्लू होतं तेव्हा आणलेलं. साहेब नावही तिनेच ठेवलं. मला आयुष्यात एकदाही साहेब म्हणाली नाही." आणि हसले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं.

बाथरूममध्ये पिसं फार उडतात. डोळ्यांत गेलं काहीतरी. तपास करणाऱ्याने असं हळवं होऊन चालत नाही. उद्यापासून कडक.

१८ जून
कडक राहिलो. फक्त ऑफिसातून येताना थोडे मक्याचे दाणे आणले. सासऱ्यांची पिशवी संपत आलीय. हे पोसणं नव्हे. पाहुण्याला आपण चहा देतोच.

२१ जून, गुरुवार
मॅडम स्वतः बिल्डिंगमध्ये आल्या! आता तक्रारी अख्ख्या गल्लीच्या आल्यात. सोबत नर्स. आणि चौकशीसाठी बसायला जागा हवी म्हणून त्यांनी घर निवडलं ते माझं. निरीक्षकाचं घर म्हणजे सुरक्षित.

मी नियमांवर दोन शब्द बोलत होतो. शिस्त आधी स्वतःच्या घरात हवी, इथपर्यंत आलो आणि आतून साहेब आरवले.

मॅडम म्हणाल्या, "हे काय?"

"मोबाइलचा अलार्म," मी म्हणालो.

"मग बंद करा."

आत गेलो. बंद होईना. बाहेर आलो तेव्हा शर्टाचं बटण नव्हतं आणि डोक्यात पीस होतं.

"होत नाहीये बंद? बॅटरी काढा."

"बॅटरी चावते," मी म्हणालो. हे वाक्य जरा घाईत निघालं. वेळ मिळाला असता तर याहून चांगलं सुचलं असतं.

तेवढ्यात दार ढकलून साहेब स्वतः हॉलमध्ये आले. मॅडमच्या चपलेची पाहणी केली, सोफ्यावर चढले आणि मान ताठ करून पुन्हा एकदा खच्चून बांग दिली. आता इलाज नव्हता. मी माझी नजर वापरली. पूर्ण ताकदीने रोखून बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "तुमची दाढ दुखतेय का?"

सासरे उठून उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "चूक सगळी माझी. जावईबापूंना यातलं काही माहीत नव्हतं." माझ्या नाकावर बँडेज, डोक्यात पीस. तरी म्हातारा माणूस सरळ माझ्यासाठी खोटं बोलला. लेक म्हणाली, "बाबांना माहीत होतं. बाबा त्याला रोज मका आणतात."

नर्स खाली फरशीवर बसली. मला वाटलं आता ही साहेबांचा गळा धरणार. तिने तुऱ्यावरून बोट फिरवलं. "हा होय तो," एवढंच म्हणाली. मग सासऱ्यांना विचारलं, रात्री झोप लागते का तुम्हाला? ते म्हणाले, हा आरवला की लागते.

मॅडमचा निर्णय: पुढच्या शुक्रवारपर्यंत कोंबडा वस्तीबाहेर. नोटीस निरीक्षकाने बजावावी.

२२ जून
मी मला नोटीस बजावली. सही करून घेतली. नंतर खुलासा सादर केला: कोंबडा पाळलेला नसून आलेला आहे. लंच टाइमनंतर खुलासा तपासला. असमाधानकारक वाटला. स्वतःलाच फेटाळताना वाईट वाटलं, पण कर्तव्यात नातीगोती आणायची नाहीत.

२४ जून, रविवार
सासरे जेवताना नुसता भात चिवडत होते. जेवले नाहीत फारसे. ताट तसंच उचललं हिने. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अहो, काहीतरी करा ना. तुमचं ऑफिस आहे."

माझं ऑफिस आहे! इतक्या वर्षांत ही पहिल्यांदा असं म्हणाली. ठरलं. मॅडमसमोर उभं राहायचं. विषय कोंबड्याचा नाहीच, माणुसकीचा आहे. आणि नाही ऐकलं तर शेवटचं अस्त्र: एकतर कोंबडा राहील, नाहीतर मी जाईन. आल्यापासून कक्षाचा सगळा भार माझ्यावर आहे. मॅडम गयावया करतील. मी आधी नाही म्हणेन, मग विचार करतो म्हणेन.

२७ जून
भाषणाची तालीम चालू आहे. गॅलरीत मोठ्याने म्हणतो. "मॅडम, त्या तुऱ्याखाली एक स्मृती आहे" या वाक्याला मलाच रुमाल काढावा लागला. साहेब समोर बसून ऐकत होते. मधेच झोपले. ऐकणाऱ्याला इतका विश्वास वाटणं ही वक्त्याला मोठीच पावती.

ही दोनदा काहीतरी सांगायला आली. हाताने थांबवलं. लय तुटते.

२९ जून, शुक्रवार, दुपार
केबिनमध्ये गेलो. मॅडम सह्या करत होत्या. माणुसकीपर्यंत पोचायच्या आतच फोन आला. फोन ठेवल्यावर कुठवर आलो होतो ते विसरलो. म्हणून थेट शेवटचं अस्त्र काढलं.

"मॅडम! एकतर तो कोंबडा या वस्तीत राहील, नाहीतर मी या कक्षात राहणार नाही!"

मॅडमनी मान वर केली. पेनाचं टोपण काढलेलंच होतं.

"कधीपासून?" म्हणाल्या.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, "कशाला? सोमवारपासून करते," आणि सही केली. केबिनबाहेर ड्रायव्हर उभा होता. तो मात्र हळहळला. म्हणाला, आता बहुतेक गाडीतून मलाच उतरावं लागणार.

तोच दिवस, संध्याकाळ
तरी घरी ताठ मानेने गेलो. नोकरी पणाला लावलेला जावई बघून सासऱ्यांना भरून येईल असं वाटलं होतं. दार उघडलं तर सासरे लेकीबरोबर पत्ते खेळत होते. हसत होते! बाथरूम धुऊन स्वच्छ. टोपली नाही.

नर्सची एक मावशी शहराच्या हद्दीबाहेर राहते. मोठं अंगण, कोंबड्यांचं अख्खं खुराडं. सकाळी ड्यूटी संपल्यावर नर्स सासऱ्यांना आणि साहेबांना रिक्षात घालून तिकडे घेऊन गेली. सासऱ्यांनीच तिला विचारलं होतं म्हणे. दर आठवड्याला भेटायला जायचं, तेही ठरलंय.

"टोपली उघडली मात्र," सासरे सांगत होते, "थेट कोंबड्यांत घुसले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही लबाडाने!" हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "बरं झालं. माझ्याशी कौलांबद्दल किती दिवस बोलणार तो."

हिला विचारलं, हे ठरलं कधी? म्हणाली, "मंगळवारीच. दोनदा सांगायला आले, तुम्ही गॅलरीत हातवारे करत होतात. म्हटलं, कशाला मधे बोला."

मग तिने विचारलं, ऑफिसात काय झालं? म्हणालो, विशेष काही नाही. माझं म्हणणं ताबडतोब मान्य झालं.

२ जुलै, सोमवार
नव्या जागी रुजू झालो. नगरपालिकेच्या मोडक्या फर्निचरचं गोदाम. स्वतंत्र खोली, वर बॉस नाही, खाली शिपाई नाही. अत्यंत जबाबदारीचं पद. सकाळपासून बसायला जागा शोधतोय. खुर्च्या ढीगभर आहेत, टेबलं आहेत, पण चार पायांचं इथे काहीच नाही.