बेवारस खाटेजवळचा माणूस

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

नागपुरात मी मजेत आहे, डबाही चांगला मिळतो. लोक फुकट सेवा का करतात, याचा आमच्या कॉलेजचा सर्व्हे चालू आहे. मला मात्र कोणाचंच उत्तर खरं वाटत नाही.

इथल्या सरकारी दवाखान्यात प्रेमानंदकाका म्हणून एक गृहस्थ रोज बेवारस पेशंटजवळ बसून नावं विचारतात. यांचा काहीतरी मतलब असणार, असा मला संशय आला. खोदून विचारलं तर चिडले, "काहून मागे लागली वं?" मग हळूच म्हणाले, "माझा पोरगा तीन दिवस इथंच होता. कोणी त्याले नाव नाही विचारलं. गेल्यावर आम्हाले कळलं."

माझा फॉर्म कोराच राहिला.

बाबा, तुम्ही रोज शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देता, ते कोणासाठी? आईला विचारलं की ती विषय बदलते.

तुमची,
भूमिका