आवक क्रमांक एकतीस

लिमरिक,
२० नोव्हेंबर २०२०

श्री. मोरेश्वरराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझं मागचं पत्र तुमच्या वहीत आवक क्रमांक तीस म्हणून चढलं, हे वाचून निहारिका आणि मी पोट धरून हसलो. वीज मंडळातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बायकोची पत्रं आवक-जावक वहीत चढवणारा नवरा अख्ख्या साताऱ्यात एकच असेल. कानाचं यंत्र लावलंत तर फोनवर बोलता येईल, पण ते तुम्ही मनावर घेणार नाही. म्हणून मी लिहायचं, लेकीने फोटो काढून पाठवायचा आणि तुम्ही तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा. चालू द्या.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले, त्याला आता नऊ महिने झाले. ओजस सात महिन्यांचा झालाय, पोटावर सरकत घरभर फिरतो. निहारिका हॉस्पिटलच्या ड्युट्यांनी पिचून गेलीय. आशिषराव तिकडे डब्लिनच्या हॉस्पिटलात, पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवतात. म्हणजे दिवसभर मी आणि नातू.

थंडी मात्र हाडात शिरते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर घर तापवणारा गॅसचा बॉयलर आहे, मागच्या मालकाच्या वेळचा. त्याच्या खाली भिंतीला वीतभर भोक आणि वर जाळी. कोणत्या शहाण्याने ठेवलं देव जाणे. एकीकडे गॅस जाळून घर तापवायचं आणि दुसरीकडे भोकातून गार वारा आत घ्यायचा, तोही नेमका ओजसच्या चटईवर! काल माझं डोकं सणकलं. तुमची निळ्या चौकटीची लुंगी गोधडीत गुंडाळून इथवर आली होती. जाळी काढली, लुंगी लाटण्याच्या टोकाने भोकात ठासली, जाळी परत बसवली आणि पुढे बटाट्यांची टोपली ठेवली. आता चटई उबदार आहे. निहारिकाला सांगायचं राहिलं. ती येते, जेवते आणि झोपते.

तब्येतीला जपा. लोभ आहे तो तसाच ठेवा, वहीत नोंदवला नाहीत तरी चालेल.

तुमची,
अलकनंदा

●

सातारा,
२७ नोव्हेंबर २०२०

प्रिय सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, आवक क्रमांक एकतीस, २१ तारखेला प्राप्त. हसायचं तेवढं हसून घ्या दोघी.

लुंगी मी इथे कपाटं उपसून शोधत होतो. ती आयर्लंडच्या भिंतीत गेली हे वाचून थोडं वाईट वाटलं, पण ओजससाठी गेली म्हणून माफ. भोक बुजवलंस ते बरं केलंस. तान्ह्या पोराला वाऱ्यात ठेवू नये.

बॉयलरची मात्र वर्षाकाठी तपासणी झाली पाहिजे. निहारिका म्हणाली होती की गॅस कंपनीकडेच त्याची वर्षाची योजना घेतली आहे. माणूस आला की त्याला झाकण उघडायला लाव आणि तू तिथेच उभी राहा. उभं राहिल्याशिवाय कुणी काम करत नाही, हे मी चाकरीत पुरेपूर पाहिलं आहे.

माझी काळजी नको. पोळीभाजीचा डबा वेळेवर येतो. सर्वांवर जीव आहेच, तो कळवायला पत्र लागत नाही, तरी लिहितो.

तुझा,
मोरेश्वर

●

लिमरिक,
५ डिसेंबर २०२०

श्री. मोरेश्वरराव यांस,
सा. न. वि. वि.

परवा, म्हणजे तीन तारखेला, तुमचा तो तपासणीवाला येऊन गेला. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे उभी होते. काय तपासलं त्याने? झाकण उघडलं, आत बॅटरीचा उजेड टाकला, झाकण लावलं. मग फोन आला, तर खिडकीशी जाऊन हसत हसत बोलत बसला. मग हातातल्या पाटीवर बोटाने टकटक बरोबरच्या खुणा केल्या, सगळं ग्रँड आहे म्हणाला आणि निघाला. नऊ मिनिटं! गुडघा जमिनीला टेकला नाही की बटाट्यांची टोपली हलली नाही. आपल्या गल्लीत शेगडी दुरुस्त करायला येणारा गुरुनाथसुद्धा नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितल्याशिवाय जागचा हलत नाही. हा कंपनीचा माणूस, अंगावर कंपनीचा कोट, आणि काम हे असलं. निहारिकाला सांगितलं तर म्हणाली, अगं आई, त्यांचं ट्रेनिंग असतं, तुला काय कळतं.

नसेल कळत. पण नऊ मिनिटांत माझी धड कणीकही मळून होत नाही.

ओजसला खालचे दोन दात आलेत. आठवण काढत असता तशीच काढत राहा.

तुमची,
अलकनंदा

●

लिमरिक,
१९ जानेवारी २०२१

ती. बाबांस,
शि. सा. न.

हे पत्र मी लिहितेय, कारण आई लिहिणार नाही. आधी सांगते, दोघंही आता ठीक आहेत.

ख्रिसमसच्या आधीपासून आईचं डोकं दुखायचं. जानेवारीत थंडी वाढली, बॉयलर दिवसभर चालू राहिला, तसं ते फारच वाढलं. ओजस सुस्त पडून राहायचा, दूध टाकायचा. वॉर्डात सगळीकडे कोविड, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. दोघांची टेस्ट दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मग लक्षात आलं की कालव्यावर फिरून आलं की दोघं टवटवीत असतात आणि घरात तासभर बसलं की पुन्हा तेच. बाबा, मी डॉक्टर आहे. हे कळायला मला तीन आठवडे लागले.

गेल्या मंगळवारी दुपारी कार्बन मोनॉक्साइडचा गजर विकत आणून लावला. तासाभरात तो किंचाळायला लागला. या वायूला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. दोघांना घेऊन बाहेर पळाले. इमर्जन्सीचा माणूस पाऊण तासात आला, गॅस बंद केला आणि भिंतीतून तुमची लुंगी ओढून काढली. त्या भोकातून बॉयलरला हवा मिळते. ती मिळाली नाही की गॅस नीट जळत नाही आणि विष घरात साठतं. रक्त तपासलं तेव्हा दोघांच्याही रक्तात ते होतं.

मी कंपनीला फोन केला. पन्नास मिनिटं तीच ट्यून ऐकली. मग उत्तर आलं ते मेलवर: तीन डिसेंबरच्या तपासणीत भोक मोकळं असल्याची नोंद आहे, नंतर ते घरातल्या व्यक्तीने बुजवलं, सबब कंपनी जबाबदार नाही. प्रकरण बंद. 'घरातली व्यक्ती' म्हणजे माझी आई.

आई म्हणते नोव्हेंबरमध्येच बुजवलं होतं. पण कंपनीच्या रिपोर्टवर त्या माणसाची सही आहे, वेळ आहे. मला वाटतं ती घाबरून तारीख मागे नेतेय, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. बुजवलं ते बुजवलं, पण खोटं का बोलायचं? सोमवारपासून ओजस पाळणाघरात जातोय, आमच्यासारख्या हॉस्पिटलवाल्यांच्या मुलांसाठी ते चालू आहे. उरलेल्या वेळात मी त्याला तिच्याजवळ एकटं ठेवत नाही. घरातून निघताना दारातून तीनतीनदा वळून भोकाकडे बघते. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलतो.

तुम्हीच सांगा मी काय करू. तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमची,
निहारिका

●

सातारा,
२१ जानेवारी २०२१

चि. निहारिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोर वाचलं, तुझी आई वाचली, तुझ्यामुळे वाचली. ते आधी लिहितो, कारण पुढे मी रागावणार आहे.

तू कंपनीच्या सहीवर विश्वास ठेवलास आणि आईवर नाही. सोबत आवक क्रमांक एकतीस पाठवतो आहे. तारीख वाच, वीस नोव्हेंबर. ज्या वहीला तुम्ही दोघी हसलात, त्यातलीच ही नोंद. त्या पत्राचा फोटो तूच काढलास, तूच पाठवलास. कामाच्या रगाड्यात वाचला नसशील. तुझ्या फोनमध्ये तो अजून असेल आणि त्यावर दिवस-वेळ असेल. पत्रात लुंगी आहे, लाटणं आहे, बटाट्यांची टोपलीही आहे. तो माणूस आला तीन डिसेंबरला. म्हणजे लुंगी भोकात असताना त्याने भोक मोकळं असल्याची खूण केली. पाच डिसेंबरच्या पत्रात तिने त्याची नऊ मिनिटंही लिहिली आहेत. तेही जोडतो.

आता माझं. मी वीज मंडळात चौतीस वर्षं काढली, आणि बुजवलंस ते बरं केलंस असं तिला लिहिलं. जावक वहीत त्याचीही नोंद आहे, हवी तर तीही कंपनीला दे. आणखी एक, जे तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. उपविभागात असताना खांबांच्या तपासणीचे तक्ते मी कितीदा तरी टेबलाशी बसून भरले. जीप नसायची, माणसं नसायची, कारणं पुष्कळ होती. त्या खांबांना कुणी चिकटलं नाही, एवढंच माझं नशीब. तेव्हा ती खूण कशी होते हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या माणसाला सोडू नकोस. इंग्रजीतला मसुदा करून पाठवतो आहे.

आईकडे जा. जीव लावणारी माणसं थोडी असतात.

तुझा,
बाबा

●

लिमरिक,
३ मार्च २०२१

श्री. मोरेश्वरराव यांस,
सा. न. वि. वि.

दीड महिना लिहिलं नाही, कारण रागावले होते. कुणावर? सगळ्यांवर. यादी मोठी आहे, त्यात तुम्हीही आहात. खांबांचं निहारिकाने वाचून दाखवलं. त्यावर मी साताऱ्याला आल्यावर बोलेन, तेव्हा यंत्र कानात घालून बसा.

कंपनीने आधी कळवलं की परक्या भाषेतलं खाजगी पत्र पुरावा धरता येत नाही. निहारिकाने इथल्या नोंदणीकृत भाषांतरकाराकडून ते इंग्रजीत करून घेतलं. तुमची लुंगी आता इंग्रजीत शिक्क्यासकट आहे. फोनमधल्या फोटोची तारीख जोडली, इमर्जन्सीवाल्याने काढलेला लुंगीचा फोटोही जोडला. मग त्यांचं उत्तर आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, आणि पुढच्या वर्षीची तपासणी मोफत. गैरसोय! माझ्या मांडीवर पोर निळं पडलं असतं, ती यांच्या लेखी गैरसोय. मी निहारिकाला म्हटलं, फुकटची नऊ मिनिटं त्यांनाच ठेवू देत. मला ती भोक मोकळं असल्याची ओळ खोडून हवी.

भोक मी बुजवलं. ते मी नाकारणार नाही, मरेपर्यंत नाकारणार नाही. ओजसला खोकला झाला तरी मी रात्री उठून त्याचा श्वास बघते. पण मला ते भोक कशाचं हे ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. ते बघण्याचाच तो पगार घेत होता. त्या दिवशी त्याने टोपली बाजूला सारली असती तर मी त्याची चार बोलणी खाल्ली असती आणि लुंगी तेव्हाच धुऊन वाळत पडली असती.

काल दुरुस्त केलेला रिपोर्ट आला. तपासणीच्या वेळी भोक बंद होते, तपासनिसाने ते पाहिले नाही, असं आता त्यात लिहिलंय. एवढ्या एका ओळीला दीड महिना. त्या कागदाच्या कोपऱ्यात मी आवक क्रमांक एक घातला. आता हसा तुम्ही.

बॉयलर नवा बसवलाय, दुसऱ्या माणसाकडून. तो गुडघ्यावर बसला, पाऊणएक तास बसला, आणि जाताना माझ्या हातचा चहा अंगणात उभं राहून प्याला.

निहारिकाने माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. पाळणाघर या आठवड्यापासून बंद केलंय. आज सकाळी ड्युटीला निघताना तिने ओजसला माझ्या मांडीवर ठेवलं, मास्क लावला आणि दार ओढून गेली. एकदाही वळून पाहिलं नाही.

उत्तर लवकर धाडा. रागावर जाऊ नका, माया तेवढीच आहे.

तुमची,
अलकनंदा