दोघांना ओढेल का?

रविवार, २२ जुलै १९७३

आज काटा लावलाच. गूळबाजारातून ढेपा तोलायचा मोठा ताणकाटा शामराव मिस्त्रीने मागून आणला. त्याचं एक टोक घाटावरच्या पिंपळाला बांधलं, दुसरं नावेला. मी वही घेऊन काठावर. कॉलेजात पोरांना वर्कशॉप शिकवतो, म्हणून असल्या कामाला गावात मीच.

नाव म्हणजे शामरावचा दोन वर्षांचा ध्यास. जीपचं जुनं इंजिन आणि त्याला जोडलेला, त्याने स्वतः ओतून घेतलेला पंप. बाहेर पंखा-बिंखा काही नाही. पंप बुडातून पाणी ओढतो आणि मागच्या नळीतून फेकतो, त्या रेट्याने नाव पळते. नळी वळवली की नाव वळते. कराडात असलं कुणी पाहिलेलं नाही. काठावर पन्नास माणसं, आणि प्रत्येक जण इंजिनियर.

काटा एकशेचाळीस किलोवर थरथरत थांबला. शामराव नावेतूनच ओरडला, "मास्तर, किती?" सांगितलं. "मंग वडतीय की दोगास्नी!"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही. बांधलेल्या नावेची ओढ वेगळी, पळत्या नावेची वेगळी. दाव्याला हिसका देणारा बैल नांगरालाही तेवढाच ओढेल असं थोडंच आहे? पण हे पन्नास जणांसमोर कोण सांगत बसणार.

मंगळवार, २४ जुलै

धाकटा भाऊ तानाजी आला, पलटणीतून. महिन्याची रजा. मिशा वाढवल्यात, आई असती तर ओरडली असती.

हे सगळं खूळ त्याचंच. पलटणीच्या कुठल्याशा तळ्यावर साहेब लोक मोटारबोटीला दोर बांधून, पायात फळ्या घालून पाण्यावरून पळतात, ते याने पाहिलं, दोनदा केलंही. मागच्या रजेत शामरावच्या शेडमध्ये बसून ते रंगवून सांगितलं. तिथून ते साखर कारखान्याच्या चेअरमनच्या कानावर गेलं (पुढे चे. एवढंच लिहीन). चे.ना एकदम सुचलं: पंधरा ऑगस्टला संगमावर, नावेमागे दोन माणसं पाण्यावर उभी. एक जवान, एक किसान. एकाच्या हातात झेंडा, एकाच्या हातात ऊस.

जवान म्हणजे आमचा तानाजी. किसान कोण, ते अजून ठरायचंय.

जेवताना म्हणाला, "वैनी, पान्यावरनं पळून दावतो बगा." सुमन म्हणाली, "जमिनीवर पळा की भावजी. ती काय कमी पडली व्हय?"

रविवार, २९ जुलै

तानाजी उभा राहिला! गळ्याएवढ्या पाण्यात बसला होता, पायात सुताराने तासलेल्या फळ्या, त्यांना ट्यूबच्या पट्ट्या. दोर ताणला, नावेचं नाक वर, बूड खाली, आणि एकदम हा गडी पाण्याच्या वर. मी चक्क उड्या मारल्या. बेचाळीस वर्षांचा माणूस.

मग दोघं. किसान म्हणून चे.नी बापू पैलवान पाठवलाय. नव्वद किलोच्या वर, देवमाणूस, ऊस हातात काडीसारखा दिसतो. नावेचं नाक आभाळाकडे, मागून पाणी आत येतंय, इंजिन कोकलतंय. दोघेही पाण्यातून नांगरासारखे फरफटत गेले आणि वर काही आले नाहीत. पैलवानाने अर्धी कृष्णा पिऊन घेतली. बाहेर येऊन म्हणाला, "आखाड्यात कुनी आसं वडलं न्हाई मला." फळ्या पायातून दोनदा निसटल्या त्याच्या. शामराव म्हणाला, आता चामड्याचे पट्टे लावतो, बकलाचे.

काठावरचे पन्नासही जण माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी म्हणालो, "जोर आहे रे, पण जाळी खातीय." बुडाशी पंपाच्या तोंडावर परातीएवढी जाळी आहे, काडीकचरा आत जाऊ नये म्हणून. ती काढली तर दोघंही येतील, असं मी म्हणालो.

शामरावने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, आमच्या बाऽनं पंपाची कामं करत हाडं झिजवली. एकच सांगून गेला. पंप उगड्या तोंडानं चालवू ने."

"दहा मिनिटांचा तर खेळ," मी म्हणालो.

गुरुवार, २ ऑगस्ट

जाळी काढली. काटा एकशेनव्वद. दोघेही उठले, पैलवान जरा वाकडा, पण उठला. चे. काळा चष्मा लावून काठावर. "झ्याक! दोगं म्हंजे दोगंच पायजेत." शामरावच्या डोळ्यांत पाणी. त्याला वाटतंय, चे. कलेक्टरांकडे शब्द टाकतील, पुरात माणसं काढायला जिल्ह्याला असल्या नावा लागतील, त्या तो करील. वाटू दे. वाईट काहीच नाही त्यात.

माझंच कौतुक चाललंय. मास्तरांचं डोकं, मास्तरांचं डोकं.

रविवार, ५ ऑगस्ट

घरी येऊन आधी वही उघडली.

आज फक्त मी आणि शामराव नावेत. मागे कुणी नव्हतं, देवाची कृपा. भर धारेत पंप एकदम घरघरला आणि इंजिन बंद. शामराव नळी डावीकडे फिरवतोय, उजवीकडे फिरवतोय, नाव ढिम्म. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या नावेला वेगळं सुकाणू नाहीच. पाणी फेकणं थांबलं की वळणंही संपलं. मग ती नाव नाही, ओंडका.

आणि ओंडका चालला होता संगमाकडे, जिथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन धडकतात. तिथला भोवरा लहानपणापासून ऐकून माहीत. आज आतून पाहिला. बांबूने रेटून रेटून कडेला आलो. शामराव रामराम म्हणत होता, मी तेवढंही नाही.

काठावरच्या माणसांना हाका मारून नाव कुशीवर कलती करून बघितली. पंपाच्या पात्यांना हिरवा खण गुंडाळलेला, जरीच्या काठाचा. सोबत अर्धा हार. बायकांनी नदीची ओटी भरलेली, दुसरं काय. गेल्या वर्षी दुष्काळात नदीत ओटी सोडायला पाणी कुठे होतं? यंदा सगळ्या जणी राहिलेलं फेडतायत. त्यांचं काय चुकलं.

खण चिमट्याने ओढून काढला. चिंध्या झाल्या होत्या.

मागे दोघं असते तर? दोर सैल, नाव गेली वाहत, आणि हे दोघं पाण्यात. पोहता दोघांनाही येतं. पण पायात तीन हात फळ्या आणि वर बकलं.

मंगळवार, ७ ऑगस्ट

जाळी परत बसवली. शामराव आपणहून म्हणाला, मला बोलावं लागलं नाही. "बाऽचं ऐकाय पायजे हुतं." जाळीची भोकं जरा मोठी करून दिली मी. काटा एकशेसाठ.

एकशेसाठला तानाजी सहज. दोघं मात्र नाहीत. पैलवान गुडघ्यापर्यंत येतो आणि बसतो.

शुक्रवार, १० ऑगस्ट

चे.कडे गेलो. म्हटलं, एकालाच ओढू या. जवान एकटा, हातात झेंडा, छान दिसेल.

"आन् किसानानं काय काटावर बसून टाळ्या पिटायच्या? कारखाना कुनाचा हाय मास्तर?"

भोवऱ्याचं सांगितलं, खणाचं सांगितलं. हसले. "आवं, जाळी काढा म्हनून तुमीच म्हनला हुता न्हवं?"

माझं वाक्य माझ्या आधी तिथे जाऊन बसलेलं. चहा घेतला आणि आलो. चहा तरी कशाला घेतला?

रविवार, १२ ऑगस्ट

तानाजीला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुजं गणित काय म्हनतं?"

"गणित म्हणतं, जाळी नसेल तर ओढेल."

"मंग?"

"नदीत काय वाहत येतंय ते गणितात नाही ना रे!" ओरडलोच त्याच्यावर. धाकटा आहे सोळा वर्षांनी, आई गेली तेव्हा माझ्याच ताटात जेवायचा.

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बरं. जाळी आसंल तरच फळ्या घालीन. शब्द." पलटणीतल्यासारखा सलाम ठोकला वर. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं.

पण जाताना दारातून म्हणाला, "शामरावचं तोंड बगवत न्हाई पर. आन् पैलवानाची तर गावभर टवाळी चाललीया." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

घाटमाथ्यावर पाऊस जोरात असणार, नदी सकाळपासून चढतेय. गढूळ, लालसर, झाडांच्या फांद्या येतायत. संध्याकाळी पाणी मारुतीच्या पायरीच्या खाली दोन बोटं. चे.ना निरोप पाठवला, पुढे ढकला. उलटा निरोप: पत्रकं वाटून झालीत, पाणी जास्त म्हणजे शोभा जास्त.

संध्याकाळी शेडमध्ये जाऊन जाळीचे आठही नट माझ्या हाताने आवळले. प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका दिला. कुणी हात लावला तर कळेल. शामराव बघत होता. नंतर म्हणाला, "इस्वास न्हाई व्हय मास्तर?" म्हटलं, तुझ्यावर आहे. खरं तर नव्हता. माझ्यावरही नव्हता.

उद्या दोघं उठणार नाहीत, लोक हसतील, चे. चिडतील. चालेल. हसू देत.

बुधवार, १५ ऑगस्ट. सकाळचे नऊ वाजून दहा

कॉलेजातलं झेंडावंदन उरकून चालत घरी आलो. सायकल तानाजीने पहाटेच नेलीय. खेळ साडेनऊला.

सुमन नुकतीच बाहेरून आलेली. हातात रिकामं तबक, लुगड्याचा काठ ओला. म्हटलं, कुठे होतीस?

"घाटावर. पानी रातीत मारुतीच्या पायरीला लागलं न्हवं का, आख्खी आळी गेलती वटी भराया. आन् येक येगळा खण सोडला मी. भावजींचं सुखरूप हू दे म्हनून."

पाणी प्यायला मोरीपाशी गेलो. तिथे कोथिंबीर धुऊन निथळत ठेवलेली होती. कशावर ठेवलीय ते आधी लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं.

"हे कुठलं?"

"भावजी पाटं ठिवून गेलं. म्हनलं, वैनी, दादाला आत्ता सांगू नगा. आजच्या दिवस पैलवानाला तेवडं उटवू द्या, शामरावनं लय हात जोडलं. आन् म्हनलं, भाजी निथळाय झ्याक हाय ही." मग माझं तोंड बघून, "का वो? काय झालं?"

नट वाटीत ठेवलेत. आठच्या आठ. लाल ठिपके तसेच.

विचारलं, किती बायका होत्या? म्हणाली, "मोजल्या व्हय मी? पानी हिरवंगार झालतं नुसतं."

तिला सगळं सांगितलं. ती तशीच, ओल्या लुगड्याने, शेजारच्यांची सायकल आणायला पळालीय. ते दार उघडत नाहीयेत, इथे ऐकू येतंय तिचं हाका मारणं. चालत अर्धा तास लागतो, धावत मला जमणार नाही, सायकलने दहा मिनिटं. तेवढ्या वेळात हे लिहून ठेवतोय. कारण आज काही झालं तर २९ जुलैचं पान फाडून टाकावंसं वाटेल मला. फाडायचं नाही. जाळी काढा हे शामराव म्हणाला नाही, चे. म्हणाले नाहीत, तानाजीही म्हणाला नाही. मी म्हणालो. पन्नास माणसांसमोर, मोठ्या तोंडाने.

नऊ सतरा. दार उघडलं त्यांनी. सायकल आली