शांतीच्या वेळी मी बाहेर होतो

२८ फेब्रुवारी २००१, राखेचा बुधवार
ईस्टर झाला की सीमोनदादा ओतूर सोडून कायमचा पुण्याला, मुलाकडे जाणार. बातमी पक्की. चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकांनी स्वतः दुजोरा दिला. सीमोनदादा माझा सख्खा थोरला भाऊ. बाबांच्या थडग्यावर त्याने फरशी बसवली, तिच्यावर त्याचं नाव कोरलं आणि माझं राहिलं. कोरणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणे. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. बातमी ऐकून मला काहीही वाटलं नाही. आंतरिक शांती म्हणतात ती हीच असावी. ती आता वाढवायची. ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आजपासून सुरू झालाच आहे. संकल्प : रोज पहाटे प्रार्थना. राग बंद. चहा एकदाच. दादाच्या जाण्याशी याचा संबंध नाही.

१ मार्च, पहाट
उठलो. गुडघे टेकले. दादा घर कुणाला विकणार, हा विचार आला. घालवला. परत आला. शेवटी दादा पुण्यात सुखी राहो, अशी प्रार्थना केली. लवकर जावो, हेही त्यातच आलं.
चहा दोनदा. पहिला प्रार्थनेच्या आधीचा, तो धरायचा नाही.

४ मार्च, रविवार
उपासनेत शांती देण्याची वेळ असते. सगळे उठून एकमेकांचा हात हातात घेतात आणि ख्रिस्ताची शांती देतात. दादा पुढच्या बाकावर बसतो, मी दाराजवळ. पाळकांनी शांती म्हटलं की मी गाडीचं लॉक बघायला बाहेर जातो. बरीच वर्षं जातो. आपल्या गाडीला लॉकच नाही, असं येताना बायको म्हणाली. मनःशांतीला थोडा एकांत लागतो, हे तिला कळत नाही.

१२ मार्च
आणे गावचे गेणभाऊ विहिरीवरची मोटार घेऊन माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात आले. आतल्या तारेचं वाइंडिंग मीच केलेलं, आठवड्यात जळालं. मी शांतपणे विचारलं की विजेचा एक फेज गेला तेव्हा तुम्ही विहिरीवर होता की झोपला होता. गेणभाऊ म्हणाले, "राव, मोटार माझी जळलीय आन् वराडताय तुमी." एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू आलं असं बायकोला कुणीतरी सांगितलं. माझा आवाज मुळात मोठा आहे. राग आला असता तर पक्कड फेकली असती. फेकली, पण जमिनीवर.

१९ मार्च
पहाटेची प्रार्थना आजपासून सकाळी, दुकान उघडताना. भावना तीच.
पाळक दुकानात आले होते. गुड फ्रायडेला आमच्याकडे येशूने क्रुसावर उच्चारलेल्या सात वचनांवर सात जण बोलतात. पहिलं वचन क्षमेचं. ते यंदा माझ्याकडे दिलं. मोठी मोठी माणसं ते मागून घेतात. म्हणजे माझ्यातला बदल आता बाहेरूनही दिसू लागला. जाताना म्हणाले, तयारीला बसण्याआधी एकदा दादांकडे जाऊन या. दादाला या विषयातलं काय कळतं? गेलो नाही.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
शांतीची वेळ झाली. बाहेर आलो तर लिंबाखाली दादा आधीच उभा. आज गर्दीमुळे मला त्याच्या मागचा बाक मिळाला होता. हात द्यावा लागेल या भीतीने तो माझ्या आधी सटकला. आत सगळं चर्च हात मिळवतंय आणि बाहेर आम्ही दोघे भाऊ, हातात एकेक झावळी.
मी म्हणालो, "गाडी बघायला आलो."
दादा म्हणाला, "मी बी."
दादाकडे गाडी नाही. तो चालत येतो.
मग यंदा ऊन लई हाय, असं तो झाडाकडे बघून म्हणाला. मी हो म्हणालो. याला बोलणं म्हणत नाहीत. आत पेटी सुरू झाली तसे दोघंही घाईने निघालो आणि दारात एकमेकांना अडलो. पाळक वेदीजवळून बघत होते.

१३ एप्रिल, गुड फ्रायडे
भाषण उत्तम झालं. दहा मिनिटांची वेळ होती, मला थोडी जास्त लागली. क्षमा कशी करावी हे सांगताना उदाहरण हवं, म्हणून एका थोरल्या भावाचं दिलं. नाव घेतलं नाही. फक्त फरशीचा उल्लेख केला. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या तेव्हा लक्षात आलं की आपल्या मंडळीत अशी फरशी एकच आहे. तरी थांबलो नाही. त्या भावाला मी जाहीरपणे क्षमा केली. दादा मान खाली घालून बसला होता. पाळकांनी मध्येच गीत सुरू करून दिलं.
इतकं हलकं वाटलं की जेवलो नाही. बायकोने वाढलंही नव्हतं.

१४ एप्रिल
झोप लागली नाही. शांती जास्त झाली की असं होत असावं.
दादाच्या घरावरून दोनदा गेलो. तिकडे काम होतं. ओट्यावर ट्रंका बांधून ठेवलेल्या. भांड्यांचं पोतं शिवलेलं. दादा दिसला नाही.
बायको म्हणाली, "भावजी गेल्यावर बाहीर कुणासाठी जानार तुमी?" मी गाडी पुसायला बाहेर गेलो.

१५ एप्रिल, ईस्टर
शांतीची वेळ झाली. मी दाराकडे वळलो, तर बायकोने सदरा मागून धरला. तेवढ्यात दादा पुढच्या बाकावरून उठून माझ्याकडेच येऊ लागला. लोक हात मिळवायचे थांबले. उद्या जाणारा माणूस, एकदा हात दिला तर आपलं काय जातं, असा विचार केला आणि पुढे झालो. चार वाक्यं पाठ केलेली होती. त्यातलं एकही आलं नाही.
"दादा, चुकलं माझं," एवढंच आलं. हे पाठ केलेलं नव्हतं.
दोघंही रडलो. मी कमी.
बाहेर आल्यावर मी म्हणालो, पुण्याला नीट जा, पोचल्यावर फोन कर.
दादाने डोळे पुसले. "आता कशाला जाऊ, देव्या? हितं बोलाया कुनी न्हाई म्हनून जात व्हतो."

१६ एप्रिल
दादा जात नाही. वहिनींनी सांगितलं, ट्रंका सोडल्या.
सकाळी दुकान उघडायला गेलो तर तो पायरीवर बसलेला. दुपारपर्यंत बोलत होता. मागची सगळी वर्षं त्याला या आठवड्यातच भरून काढायची आहेत. मी तार गुंडाळतो ती पद्धत चुकीची. दुकानाचं तोंड चुकीच्या दिशेला. शुक्रवारच्या भाषणात शेवट लांबला, पण आवाज बाबांसारखा लागला म्हणाला. मग एका गिऱ्हाइकाला त्याने परस्पर कबूल केलं की मोटार परत जळाली तर भाऊ फुकट करून देईल. मी ओरडलो. तोही ओरडला. त्याचाही आवाज मुळात मोठा आहे. समोरच्या हॉटेलवाल्याने न सांगता दोन चहा पाठवले.
आंतरिक शांतीचा कार्यक्रम पुढच्या उपासकाळापर्यंत तहकूब.
पायरीवर बसून दादाची कंबर धरते. उद्या सकाळी तो घरून स्वतःची खुर्ची घेऊन येणार आहे.