उभ्या माणसांचे कोट

प्रिय पिपाणी,

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल क्षमा असावी. विलंबाचे कारण पुढे येईलच. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, ग्रंथालयाच्या सभागृहात तुमच्या वाद्यवृंदातील हयात पाच जण पुन्हा एकदा एकत्र येणार, हे वाचून आनंद झाला. पुढची ओळ वाचली आणि तो निम्म्यावर आला. गुडघ्यांमुळे आता दोन तास उभे राहवत नाही, म्हणून तू वाजवणार नाहीस. श्रोत्यांत बसशील आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवशील, असे तू लिहितोस. मी येणार की नाही, एवढेच तुला हवे आहे. एका शब्दात उत्तर देता आले असते. परंतु आजवर तुला मी इतक्या वेळा नकार दिला आहे, की या खेपेस कारणांसह लिहिणे उचित वाटते.

अठरा वर्षे तुमचा वाद्यवृंद या गावात वाजत होता, आणि अठरा वर्षे अकरा जणांचे कोट मी शिवत होतो. तरीही मी एकदाही तुमचा कार्यक्रम पाहिला नाही. प्रत्येक वेळी तुला काहीतरी सांगितले. कधी लग्नसराईचे काम, कधी ताप, कधी पाहुणे. त्यांतले एकही खरे नव्हते. पहिल्या वर्षी कोट पोहोचवायला गेलो, तेव्हा तुमचे चिटणीस म्हणाले, “मास्तर, तुम्हीही या की. मागे भिंतीला टेकून उभं राहायला भरपूर जागा असते.” बोलले ते सहज, पण मला ते झोंबले. ज्याने अकरा जणांना नटवले त्याने भिंतीला टेकावे? मी मान हलवली आणि घरी आलो. दुसऱ्या वर्षी तू स्वतः छापील निमंत्रण घेऊन आलास, पहिल्या रांगेतले. त्या दिवशी मी निघालो होतो, हे तुला आज प्रथमच सांगतो. सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत आलो. आत जाणारे लोक पाहिले, त्यांचे पोशाख पाहिले, आणि लक्षात आले की गावभराला कोट शिवणाऱ्या माझ्या अंगावर कोट नाही. शर्टाच्या बाहीला पांढरे दोरे चिकटलेले होते. तसाच मागे फिरलो. त्यानंतर जे जमले नाही, ते जमवायचेच नव्हते म्हणून.

आमच्या मंडळी हे ओळखून होत्या. त्या शेजारणीबरोबर तुमच्या कार्यक्रमांना जात आणि परत आल्यावर मला म्हणत, “तुमचा मान म्हणजे काचेचं भांडं झालंय. वापरायचंही नाही आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही.” मी विचारी, कोट कसे दिसले? “सगळे अगदी ताठ उभे होते,” असे म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जात. मला वाटे, ही माझ्या कामाची प्रशंसा आहे. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. त्या हसू लपवण्यासाठी आत जात होत्या, हे मला आता या तीन आठवड्यांत कळले.

पुढे तुमचे प्रमुख वारले, तेव्हाच्या सभागृहाचे गोदाम झाले आणि तुम्ही पांगलात. तुमचे वादन कोणी कधी ध्वनिमुद्रित केले नव्हते. राहून गेले ते कायमचेच राहिले, असे समजून मी चाललो. हळहळ होती, मात्र मी रिकाम्या हाती राहिलो असेही म्हणता येणार नाही. वाजवणाऱ्याच्या कोटाची ट्रायल वाद्याशिवाय घ्यायची नाही, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. हात कोठवर उचलला जातो हे वाजवताना कळते, त्यावरून बाही जोडायचा मुंढा कापावा लागतो. त्यामुळे दर तिसऱ्या वर्षी तुम्ही एकेक करून माझ्या आरशासमोर उभे राहिलात, कच्च्या टाक्यांचे कोट अंगात घालून, आणि आपापला भाग वाजवलात. व्हायोलिनवाले हनुवटीखाली टाचणी टोचली तरी थांबत नसत. ढोलवाल्यांनी एकदा माझ्या कपाटाची काच हादरवून तडकवली. तू तर ट्रायल संपल्यावरही वाजवत राहायचास, आणि मी मुद्दाम पाठीवरची एखादी टाचणी पुन्हा काढून पुन्हा लावायचो. अशा रीतीने तुमच्या प्रत्येक रचनेचे अकरा तुकडे मी ऐकले आहेत. जोडलेले कापड मात्र पाहिले नाही. चौथीत ज्या बाकावर तू पानाची पिपाणी करून वाजवायचास आणि छडी मला बसायची, त्या बाकावरून उठून मी सुई हाती धरली, तू क्लॅरिनेट धरलेस. चौथी पास माणसाला गावाने मास्तर म्हटले, आणि अकरा कलावंतांनी त्याच्या चार हात रुंद दुकानात येऊन त्याच्यासाठी वाजवले. एवढे पहिल्या रांगेतल्या कोणास लाभले असेल, असे मला वाटत नाही.

आता विलंबाचे कारण. तुझे पत्र वाचून मला एक कोडे पडले. गुडघे दुखतात, तर माणसाने बसून वाजवावे. क्लॅरिनेट उभ्यानेच वाजते असे काही नाही. हे तुला विचारण्यापूर्वी मी ढोलवाल्यांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. मी म्हटले, पिपाणीला खुर्ची द्या, त्यात कमीपणा कसला? तर ते मोठ्याने हसले. “अहो मास्तर, बसायचं कसं? तुमच्या कोटात बसता येतं होय!” म्हणाले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. त्यांच्या मंडळी आतून ओरडल्या, “बोललात ना शेवटी! इतकी वर्षं पोटात ठेवलंत आणि आता सांडलंत!” मग मी तेथून हललो नाही. सर्व ऐकूनच उठलो.

पहिल्याच कार्यक्रमास तुम्ही अकरा जण खुर्च्यांवर बसलात, आणि माझे अकरा कोट खालून वर चढले. कॉलर कानांपर्यंत आली, पोटावरची बटणे ताणली. “अकरा कासवं मांडून ठेवल्यासारखे दिसत होतो,” असे ढोलवाले म्हणाले. लोक हसले. मध्यंतरात तुमचे प्रमुख कोट परत धाडायला निघाले, तेव्हा तू आडवा आलास. “त्याला सांगायचं नाही. पहिलं मोठं काम आहे त्याचं. कोट परत गेले तर तो पुन्हा कात्री हातात धरायचा नाही. आपण उभे राहू,” असे तू म्हणालास म्हणे. आणि तुम्ही उभे राहिलात. पुढे प्रत्येक नवा कोट मी तसाच शिवला, कारण मी तुम्हांला कधी बसून वाजवताना पाहिलेच नव्हते. माझ्या आरशासमोर तर सारेच उभे असत. लोकांना वाटले, उभे राहून वाजवणे ही तुमची ढब आहे. पुढे तुम्हांलाही ती ढबच वाटू लागली असेल. मी तो पहिला कार्यक्रम पाहिला असता, तर पहिल्या पाच मिनिटांत चूक हेरली असती आणि आठवड्यात दुरुस्त केली असती. माझ्या मानापायी तुम्हां अकरा जणांचे पाय दुखले.

घरी आल्यावर प्रथम राग आला, तुझा. मला सांगितले का नाहीस? नंतर विचार केला, की सांगितले असतेस तर मी काय केले असते? तू म्हणालास तेच केले असते. दुकान बंद झाले असते. त्या दुकानावर मुलीचे शिक्षण झाले, मुलाचे घर उभे राहिले, आणि आज हे पत्र मी त्याच दुकानातल्या मेजावर लिहीत आहे. आभार कसे मानतात, हे मला नीटसे येत नाही. शाळेत ते चौथीनंतर शिकवत असावेत.

म्हणून मला जे येते ते केले. बाकीचे चौघे आपापले जुने कोट घेऊन दुकानात येऊन गेले. या वेळी ट्रायल स्टुलावर बसवून घेतली. पाठीमागे दोन काप दिले, खालचे बटण दोन बोटे वर घेतले, घेर सैल केला. तुझा कोट मात्र नवा शिवला. माप तुझ्या सुनेने दिले; दुपारी खुर्चीत तू डुलक्या घेत असताना तिने टेप लावला, तेव्हा तिला रागावू नकोस. काज घालताना आता चष्मा पुरत नाही. डावीकडचे दुसरे काज थोडे वाकडे आले आहे. ते तुला दिसेल, आणि दिसले तर या खेपेस मला सांगावेस. पार्सल या पत्राबरोबरच निघत आहे. मी रविवारी येणार. शेजारची खुर्ची धरून ठेवू नकोस, तुझी खुर्ची मंचावर आहे. कोट अंगात घाल, तिच्यावर बस आणि वाजव. तू मला श्रोत्यांत बसलेला दिसलास, तर मी उठून घरी जाईन, हे ध्यानात असू दे.

तुझाच,
मास्तर